सोन्यावरचा ९१६ आणि आजीची पावकी

साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा हे तीन पुरे आणि दिवाळीचा पाडवा तेवढा अर्धा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सराफकट्ट्यावरची झुंबड पाहिली म्हणजे हा अर्धा मुहूर्तच पुऱ्यांना भारी पडतो की काय, अशी शंका येते. यंदाही पाडव्याला कुणाच्या घरी चार बांगड्या येतील, कुणाच्या घरी निदान मंगळसूत्राच्या दोन वाट्या. दागिना घरी आला की घरातले एखादे चौकस मूल भिंग घेऊन त्याच्या आतल्या बाजूचे बारीक शिक्के शोधू लागते. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क उमटवणे सरकारने २०२१ सालापासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. तेव्हापासून या शिक्क्यांत एक त्रिकोणी खूण असते, अक्षरे नि अंक मिसळलेला एक क्रमांक असतो, आणि बावीस कॅरेटचा दागिना असेल तर ‘९१६’ हा आकडा असतो.

“आई, हे ९१६ काय ग?”

“बावीस कॅरेट.” आई सांगते. वर्तमानपत्रातून डोके वर काढून बाबा म्हणतात, “हजारात नऊशे सोळा भाग सोने. शेकडा एक्याण्णव पॉइंट सहा.” दोन्ही उत्तरे बरोबर. पण मुलाने आणखी एक पाऊल पुढे टाकून ‘मग ९१६च का? सरळ ९०० का नाही, ९२० का नाही?’ असे विचारले, तर आईबाबा दोघेही फराळाच्या ताटाकडे वळण्याचा संभव फार.

या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. ते मिळवायचे तर दशांश अपूर्णांकाला त्याच्या मूळ व्यवहारी अपूर्णांकाकडे परत नेता आले पाहिजे, आणि तेही अतिसंक्षिप्त रूपात. हा पाठ आपण सर्वांनी शाळेत केला आहे आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो आहोत. आता तर प्रत्येकाच्या खिशात गणकयंत्र असते. ते विचारल्याबरोबर पाच-सात दशांश स्थळे भडाभडा ओकते, पण त्या आकड्यांच्या मागे पाव आहे की पाऊण आहे, हे काही सांगत नाही.

या कामाची पहिली पायरी आपल्या भाषेने आधीच करून ठेवली आहे, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात येते. ०.७५ हा आकडा मराठी शाळेतले जुने मास्तर ‘शून्य पूर्णांक पंचाहत्तर शतांश’ असा वाचायला लावीत. नुसते वाचले की झाले. पंचाहत्तर शतांश म्हणजे शंभर भागांतले पंचाहत्तर, ७५/१००. हल्लीची मुले ‘पॉइंट सेव्हन फाइव्ह’ म्हणून मोकळी होतात. वाचायला ते सुटसुटीत खरे, पण त्यात छेद गडप होतो. दशांश चिन्हानंतर एक अंक असेल तर दशांश, दोन असतील तर शतांश, तीन असतील तर सहस्रांश, एवढे तोंडात बसले की अपूर्णांक आपोआप कागदावर उतरतो.

दुसरी पायरी संक्षेपाची. ती करताना मुले उगाच घाबरतात. दोनने भाग जातो का, तीनने जातो का, सातने, अकराने, असे चाचपडत बसतात. त्याची गरजच नाही. छेद नेहमी १०, १०० किंवा १००० असणार, आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. तेव्हा या छेदाच्या पोटात दोन आणि पाच यांखेरीज तिसरा कोणी विभाजक राहतच नाही. अंश सम असेल तर दोनने भागा, त्याच्या शेवटी पाच किंवा शून्य असेल तर पाचने भागा. दोन्ही जमेनासे झाले की थांबा. त्यापुढे संक्षेप होणे नाही.

उदाहरण मंडईतलेच घेऊ. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.३७५ असा आकडा लकाकतो. तीनशे पंचाहत्तर सहस्रांश, ३७५/१०००. पाचने भागून ७५/२००, पुन्हा पाचने १५/४०, पुन्हा पाचने ३/८. आता तीन सम नाही आणि त्याच्या शेवटी पाचही नाही. थांबायचे. किलोचे तीन अष्टमांश. म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यात दीड पाव! काट्याने जे तीन अंकांत सांगितले, ते घरची बाई दोन शब्दांत सांगते.

आपल्या आज्या-पणज्यांना गणकयंत्र लागत नसे, याचे कारण त्या विलक्षण बुद्धिमान होत्या हे नव्हे. त्यांच्या काळी परवचा होता. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून झाला की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची पाठांतरे चालत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत. साडेतीनलासुद्धा ‘औट’ असा खास शब्द आहे आणि त्याचीही औटकी होती. औट घटकेचे राज्य आपण सर्रास म्हणतो, पण ते राज्य किती वेळाचे, हे कोणी मोजीत नाही. घटका चोवीस मिनिटांची, औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. तासांत सांगायचे तर १.४ तास, म्हणजे एक पूर्णांक दोन पंचमांश. (येथे एक सावधगिरी. १.४ तास म्हणजे एक तास चार मिनिटे नव्हेत, आणि एक तास चाळीस मिनिटेही नव्हेत. तो दशांश साठ मिनिटांचा आहे. एक तास चोवीस मिनिटे.)

क्रिकेटमध्ये याच्या उलटी गंमत आहे. फलकावर १९.४ षटके असे लिहितात, पण तो दशांश अपूर्णांक मुळी नाहीच. षटकात चेंडू सहा, तेव्हा १९.४ म्हणजे एकोणीस पूर्णांक चार षष्ठांश, संक्षेपाने एकोणीस पूर्णांक दोन तृतीयांश. एखाद्या संघाने १९.४ षटकांत १७७ धावा केल्या तर त्याची धावगती बरोबर नऊ. गणकयंत्रात १७७ भागिले १९.४ असे दाबणाऱ्याला ती नऊच्या वर दिसते, आणि मग मॅच बघताना वादाला तोंड फुटते.

पावकी-निमकीच्या या जगात दशांश आले ते १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी सोळा आण्यांच्या, चौसष्ट पैशांच्या, एकशे ब्याण्णव पैंच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ज्यांच्या घरी जुन्या नाण्यांचा डबा असेल त्यांनी या दिवाळीत तो अवश्य उघडावा. त्या पहिल्या नाण्यांवर किंमत तर आहेच, शिवाय ते नाणे रुपयाचा कितवा भाग आहे हेही हिंदीत अक्षरांनी लिहिले आहे. एका नव्या पैशावर रुपयाचा शंभरावा भाग, दोनवर पन्नासावा, पाचवर विसावा, दहावर दहावा, पंचवीसवर चौथा. म्हणजे ०.०५ चे अतिसंक्षिप्त रूप १/२०, ०.२५ चे १/४, हा गणिताचा धडा टाकसाळीने धातूत पाडून घरोघर वाटला होता! इतके स्वस्त पाठ्यपुस्तक नंतर कधी निघाले असेल असे वाटत नाही. पुढे १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळाला आणि पैसा नुसता पैसा झाला. त्याच साली तीन पैशांचे नाणे आले. ३/१०० ला याहून छोटे रूपच नाही. तीन सम नाही आणि पाचाचाही नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ रोजी व्यवहारातून कायमची गेली.

आण्याचे नवे पैसे करताना त्या काळी लोकांची जी तारांबळ उडाली तिचे मूळ एका अपूर्णांकात होते. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, दशांशात ०.०६२५. पडताळा पाहायचा तर ६२५/१०००० ला चार वेळा पाचने भागा. १२५/२०००, २५/४००, ५/८०, १/१६. हिशेब चोख. पण सव्वासहा नव्या पैशांचे नाणे कोठून आणणार? म्हणून नियम असा ठरला की, रूपांतरात उरलेला भाग अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा. त्यामुळे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस! एकेका आण्याची वस्तू चार वेळा घेणारा चोवीस नवे पैसे मोजी. चारही वस्तू एकदम घेणाऱ्याला पंचवीस पडत. एक पैसा ही तेव्हा टाकून देण्याजोगी रक्कम नव्हती, आणि हुशार गिऱ्हाइकाने त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल.

तरी आणा बिचारा सरळ. सोळाच्या पोटात फक्त दोनच दोन आहेत, म्हणून चार दशांश स्थळांत तो संपतो. खरा हट्टी तो पै. आण्याच्या बारा पै, रुपयाच्या एकशे ब्याण्णव. बारात तीन शिरला आणि घोटाळा झाला. १/१९२ चा दशांश करायला बसलात तर ०.००५२०८३३३ असे तीनाचे शेपूट लागते आणि ते कधीच संपत नाही. ज्या अपूर्णांकाच्या अतिसंक्षिप्त रूपात छेदामध्ये दोन आणि पाच यांच्याखेरीज कोणी पाहुणा असेल, मग तो तीन असो, सात असो की अकरा असो, त्याचा दशांश आवर्ती होतो. तो लिहिताना कोठेतरी कात्री लावावीच लागते.

आता आपल्या ९१६ कडे येऊ. शिकलेली रीत जशीच्या तशी लावली तर ९१६/१००० चे ४५८/५००, त्याचे २२९/२५०, आणि तेथे गाडी थांबते. अडीचशे भागांत दोनशे एकोणतीस भाग सोने! असे विचित्र माप कोणत्या सोनाराने कधी घेतले असेल? कोणीच नाही. कारण ९१६ हा पुरा आकडा नाहीच. तो कात्री लावलेला आवर्ती दशांश आहे. त्याचे खरे रूप ०.९१६६६६… असे आहे, आणि ते मूळ स्थळी न्यायची रीत वेगळी.

त्या न संपणाऱ्या संख्येला आपण क्ष म्हणू. क्षची शंभरपट ९१.६६६…, हजारपट ९१६.६६६…. दोन्हींची शेपटे अगदी सारखी. म्हणून हजारपटीतून शंभरपट वजा केली की शेपटाशी शेपूट उडते आणि उरते ८२५. हजारपटीतून शंभरपट गेली म्हणजे राहिली नऊशेपट. तेव्हा क्ष म्हणजे ८२५/९००. येथे छेदात नऊ आला आहे, म्हणून या वेळी तीननेही भागून पाहायचे. पंचवीसने भागून ३३/३६, तीनने भागून ११/१२. बारा भागांत अकरा भाग सोने! कॅरेटच्या भाषेत चोवीसात बावीस, २२/२४, तेही संक्षेपाने ११/१२ च. जुन्या सराफी हिशेबात तोळ्याचे मासे बारा. अकरा मासे सोने आणि एक मासा हीण, इतके ते सोपे होते. ९१६ आणि पुरे ११/१२ यांतला फरक दीड हजारात एक भाग, दहा ग्रॅममागे साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम. त्यासाठी सराफाशी हुज्जत घालू नये.

याच घराण्यातली बाकीची भावंडे ओळखणे आता कठीण नाही. अठरा कॅरेटचे ७५० म्हणजे सरळ पाऊण. वीस कॅरेटचे ८३३ म्हणजे कात्री लागलेले ५/६. आणि चौदा कॅरेट म्हणजे १४/२४, संक्षेपाने ७/१२. जमिनीचा सातबारा हा अपूर्णांक नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची ती जोडी. सोन्यात मात्र सातबारा खरोखरीचा निघाला! (त्यावरचा शिक्का ५८५ असतो, म्हणजे ७/१२ हून किंचित सरसच.)

सोन्याचा विषय निघालाच आहे तर तोळ्याबद्दल चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण येथे गाठ मिलिग्रॅमशी नाही. आज महाराष्ट्रात सराफ आणि गिऱ्हाईक दोघेही तोळा म्हणतात ते दहा ग्रॅमला. जुना तोळा ११.६६३८ ग्रॅमचा होता. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा नाही, पण ११.६६६… च्या तो इतका जवळ आहे की ११ पूर्णांक २/३, म्हणजे ३५/३ ग्रॅम असे धरले तरी घरगुती हिशेबाला पुरते. दहाला ३५/३ ने भागा. उत्तर ३०/३५, संक्षेपाने ६/७. आजचा तोळा म्हणजे जुन्या तोळ्याचे सहा सप्तमांश. गणकयंत्र हेच ०.८५७१४२८५७१४२ असे सांगते आणि आपण काही न कळता मान डोलावतो.

आता कल्पना करा. आजीच्या पेटीत तिच्या लग्नातली चिठ्ठी सापडते, ‘गोठ-पाटल्या, वजन ७ तोळे’. वाटणीच्या वेळी घरातला कोणी कर्ता पुरुष सात तोळे म्हणजे सत्तर ग्रॅम असे धरून कागदावर मांडतो. प्रत्यक्षात जुन्या सात तोळ्यांचे होतात सुमारे ८१.६ ग्रॅम. साडेअकरा ग्रॅमच्या वर सोने, जुन्या मापाने जवळजवळ पुरा एक तोळा, हिशेबातून अलगद नाहीसा झाला. कोणी चोरला नाही, कोणाचे मन काळे नव्हते. पण ज्या लेकीच्या वाट्याला पाटल्यांऐवजी सत्तर ग्रॅमचे पैसे आले, तिचे नुकसान व्हायचे ते झालेच. म्हणून जुनी चिठ्ठी हाती आली तर आधी ती कोणत्या सालची ते पाहावे. मेट्रिक वजनांपूर्वीची असेल तर सातला सहाने भागून जो पटीचा आकडा येतो, त्याने गुणावे. आणि मग दागिना काट्यावर ठेवावा; झीज आणि डागाचे हीण शेवटी काटाच सांगणार.

मुलांसाठी एक जोड. त्या १४२८५७ कडे नीट पाहायला सांगा. १/७ चा दशांश ०.१४२८५७ असा फिरत राहतो, २/७ चा ०.२८५७१४, ३/७ चा ०.४२८५७१. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फुगडी घालणाऱ्या पोरींसारखे. सुरुवात तेवढी वेगळी. सहा सप्तमांशापर्यंत हा खेळ चालतो.

सोन्याहून जड प्रकरण जमिनीचे. शहरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा गावाकडे अजून काही हिस्सा असतो, आणि तो बोलताना आण्यांतच सांगतात. चार आणे हिस्सा म्हणजे पाव. समजा, दहा एकर जमिनीत वडिलांचा चार आणे हिस्सा होता आणि मागे तीन मुले. प्रत्येकाचा वाटा पावाचा तिसरा भाग, १/१२. दशांशात तो ०.०८३३३… असा न संपणारा. टंकलेखकाने आटोपशीरपणा म्हणून तिघांपुढे ०.०८ लिहिले. तीन आठे चोवीस. पंचवीसातला एक शतांश कोठे गेला? दहा एकरांचा शतांश म्हणजे एकराचा दशांश, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकराचा दशांश म्हणजे चार गुंठे. चार गुंठे जागा एका दशांश चिन्हाच्या उजवीकडे गडप! आज गावठाणालगतच्या चार गुंठ्यांसाठी भाऊबंदकीचे दावे किती वर्षे चालतात, हे वाचकांना सांगायला नको. वाटणीपत्रात ‘१/१२ हिस्सा’ असे स्वच्छ लिहिलेले असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. दशांश हवेच असतील तर ते क्षेत्रफळापुढे लिहावेत, हिश्शापुढे नव्हे.

आपल्याकडे अपूर्णांकांचा हा संक्षेप फार जुना. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली ११५० च्या सुमारास. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागून लहान करण्याला तेथे ‘अपवर्तन’ असा देखणा शब्द आहे. दशांश चिन्ह मात्र तेव्हा नव्हते. दशांशांचा व्यवहारात प्रसार व्हावा म्हणून सायमन स्टेव्हिन या गृहस्थाने युरोपात छोटे पुस्तक छापले ते १५८५ साली, आणि नाणी नि मापेही दशमान करावीत अशी शिफारस त्याने तेव्हाच करून ठेवली. ती आपल्या रुपयापर्यंत पोहोचायला पावणेचारशे वर्षे लागली.

‘लीलावती’मधले एक गणित भाऊबीजेला सगळे जमले असताना घालून पाहावे. एका कंजूष माणसाने भिक्षेकऱ्याला दान दिले. किती? द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग. नुसत्या अपूर्णांकांनी करणारा तोंडी उत्तर देईल. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे तिसरा भाग, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे पाव, मग विसावा, मग तीनशेविसावा, मग एक हजार दोनशे ऐंशीवा. गणकयंत्रवाल्याला दुसऱ्याच पायरीला ०.३३३ चे शेपूट लागेल, आणि नेटाने शेवटपर्यंत गेलाच तर ०.०००७८१२५ असे काहीतरी दिसेल. त्याने त्या आकड्याला सात वेळा पाचने भागावे. १/१२८० हेच हाती येईल. भास्कराचार्यांच्या कोष्टकात द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या. म्हणजे द्रम्माच्या बरोबर १२८० कवड्या. भिक्षेकऱ्याच्या झोळीत पडली ती एक कवडी.